सजवलेली फाईल

मला दिसत नाही, हे आधीच सांगून टाकते. कॉलेजात असताना डोळे गेले, हळूहळू गेले, आणि आता त्याचं मला फारसं काही वाटत नाही. राग येतो तो वर्डच्या फायलींचा, आणि त्या सजवणाऱ्या माणसांचा. कोणी म्हणेल, बाई, डोळे गेले त्याचा राग नाही आणि फायलींचा कसला राग? तर डोळे कोणी मुद्दाम घालवले नव्हते.

आमचं घर कारंज्यात. शाळा तालुक्यातल्याच एका खेड्यात, एसटीनं जाते-येते. मराठी शिकवते, आठवी ते दहावी. बाबांचा कारंज्याच्या बाहेर भाजीपाल्याचा तुकडा आहे, वांगी, मेथी, पालक, सांभार म्हणजे कोथिंबीर, असं काय काय लावतात आणि पहाटे बाजारात नेतात. सुट्टी असली की मी लॅपटॉप घेऊन तिथेच बाजेवर बसते, कारण घरी येणारी-जाणारी माणसं माझ्या कामात लय बोटं घालतात.

माझ्या लॅपटॉपमध्ये एक बाई राहते. म्हणजे वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, पण मी तिला बाईच म्हणते. पडद्यावर जे असेल ते ती मोठ्यानं वाचते. मी माउसला हात लावत नाही, सगळं बोटांनी, कीबोर्डवर. आणि ही बाई नुसती अक्षरं वाचत नाही. ओळ शीर्षक म्हणून ठेवलेली असेल तर आधी सांगते, "हेडिंग लेव्हल वन", आणि मग ओळ वाचते. ही सोय माझ्यासाठी फार मोठी. तुम्ही पान चाळता, नजर टाकता, पाहिजे तो धडा सापडतो. मी एक बटन दाबते आणि पुढच्या शीर्षकावर उडी मारते. शंभर पानांची फाईल असली तरी पाहिजे तिथे पोचते. अट एकच, शीर्षक तेवढं शीर्षक असावं आणि बाकीचा मजकूर साधा असावा.

आता आपल्याकडचे लोक काय करतात ते ऐका. अक्षर मोठं पाहिजे, निळं पाहिजे, तर वरच्या पट्टीतलं ते शीर्षकाचं बटन दाबतात. कायले? छान दिसते म्हणून. सगळा परिच्छेद शीर्षक! प्रश्नही शीर्षक, उत्तरही शीर्षक, खाली "समाप्त" लिहिलेलं तेही शीर्षक. आणि खरं शीर्षक, धड्याचं नाव, ते मात्र साधंच. त्याला मधोमध आणायला स्पेसबार दाबत दाबत नेलेलं आणि जाड केलेलं. एसटीचा कंडक्टर रस्त्यातल्या प्रत्येक बाभळीपाशी ओरडला, "चला, स्टॉप आला, उतरा," तर तुमचं डोकं जसं फिरेल तसं माझं फिरते. बरं, पुढच्या पानावर जायला एंटर, एंटर, एंटर. बाई म्हणत राहते, "ब्लँक. ब्लँक. ब्लँक." चहाचा कप संपतो तरी तिचं ब्लँक संपत नाही.

या सगळ्याच्या मुळाशी एक रीत आहे. आमच्याकडे कोणी नवीन फाईल उघडतच नाही. मागच्या वर्षीची फाईल उघडायची, जुना मजकूर पुसायचा आणि त्यातच टाईप करायचं. मागच्या वर्षीची फाईल त्याच्या मागच्या वर्षीच्या फायलीवर बनलेली. ती कोणत्या तरी दुसऱ्या शाळेतून पेनड्राईव्हवर आलेली. त्या शाळेला ती एखाद्या ऑफिसातून मिळालेली. मजकूर पुसला जातो, पण स्टाईली, म्हणजे अक्षरं कशी दिसावीत याचे साचे, तशाच राहतात. मी एकदा यादी उघडून एकेक नाव ऐकलं. हेडिंग वन, हेडिंग वन बोल्ड, हेडिंग वन बोल्ड सेंटर, नॉर्मल एक, नॉर्मल दोन, कोणाच्या तरी लग्नपत्रिकेची स्टाईल, कोणत्या तरी टेंडरची स्टाईल. तुम्ही त्यातला एक परिच्छेद उचलून माझ्या स्वच्छ फायलीत टाकला की ही सगळी वरात मागोमाग माझ्या घरात. मी हे बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "अवो माय, बाहेरचं शेणखत आनलं की गाजरगवताचं बी येतेच त्यात. निंदत राहा लागते." निंदतेच आहे बाबा. दुसरं काय करते मी?

या निंदण्यात माझा वेळ जातो. मागच्या उन्हाळ्यानंतर शाळा उघडली तेव्हा पहिल्या चाचणीचा नमुना मला असाच एका फायलीत मिळाला. ती मला वाचताच येईना. साफ करून घेईपर्यंत माझी प्रश्नपत्रिका उशिरा गेली. झालं! मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. आमचे मुख्याध्यापक वाईट माणूस नाहीत, हे मला रागातही म्हणावंच लागते. पण त्यांची ती काळजी! त्या काळजीनंच मला जास्त चीड येते.

"मॅडम, तुमाले त्रास नको म्हनून म्हनतो," ते म्हणाले. "दहावी मोठी जबाबदारी हाय. दिवाळीनंतर नवीन मॅडमकडे देऊन टाकू का? तुमी आठवी-नववी पाहा आरामात."

"सर, माझ्या शिकवण्याबद्दल कोणाची तक्रार आहे का?"

"तसं नाई हो. शिकवता तर तुमी चांगल्याच. पन कागदपत्राचं काम तुमच्यानं होत नाई वेळेवर. तुमची काय चूक त्याच्यात? देवानंच..."

देवाला मध्ये आणू नका, असं तोंडावर आलं होतं. गिळलं. कारण माझी दहावीची पोरं नववीपासून माझ्या हाताखाली होती. कोणती पोरगी निबंधात कुठे अडते, कोणता पोरगा कविता पाठ करतो पण अर्थ सांगताना गप्प बसतो, हे मला त्यांच्या श्वासावरून कळायचं. ही पोरं परीक्षेच्या तोंडावर दुसऱ्याच्या हाती द्यायची? का, तर कोणाला तरी निळं अक्षर आवडते म्हणून?

मी म्हटलं, "सर, एक काम द्या मला. ते झालं तर दहावी माझी."

आमच्या शाळेत दहावीची उजळणी पुस्तिका निघते. प्रत्येक विषयाचे शिक्षक आपापला भाग देतात, सगळं एकत्र करून कारंज्याच्या एका टायपिंगच्या दुकानात छापायला जाते. ते काम सरांनी माझ्या अंगावर टाकलं. दिवाळीच्या सुट्टीत पुस्तिका तयार करून द्यायची, सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी दुकानवाला छापील प्रत आणून दाखवेल. जमलं तर दहावी माझ्याकडे, नाही तर नवीन मॅडमकडे. मी हो म्हटलं आणि बाहेर येऊन पाण्याच्या टाकीपाशी उभी राहून मनातल्या मनात जे काही म्हटलं ते इथे लिहीत नाही.

मग फायली यायला लागल्या. इतिहासाची आली, तिला पानाभोवती फुलांची चौकट. चौकट म्हणजे टेबल, एका घराचं टेबल, आणि सगळा मजकूर त्या घरात कोंबलेला. गणिताची आली, तिच्यात उत्तरांना लाल रंग आणि लाल रंगासाठी वेगळी स्टाईल. भूगोलाची आली, ती तर सरळ मागच्या वर्षीचीच होती, नुसतं साल बदललेलं. मी शेतात बाजेवर बसून एकेक साफ करत गेले. सगळं निवडायचं, कंट्रोल आणि स्पेस, म्हणजे वरवरची सजावट गेली. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एन, म्हणजे सगळ्या ओळी साध्या झाल्या. मग यादीतल्या परक्या स्टाईली एकेक काढून टाकायच्या. मग सुरुवातीपासून ओळ न् ओळ ऐकत जायचं, आणि जिथे खरं शीर्षक आहे तिथेच शीर्षक द्यायचं. कान दुखले. कानात इअरफोनचं बोंड घालून घालून दुखले. आई येऊन म्हणायची, "दिवाळीचा फराळ तरी खा," आणि मी चकली तोंडात धरून टाईप करायची.

पण फाईल साफ झाली की काय सुख वाटते! बटन दाबलं की "हेडिंग लेव्हल वन, इतिहास." दाबलं की "हेडिंग लेव्हल वन, भूगोल." झाडून, सारवून स्वच्छ झालेलं अंगण. त्यात मी डोळे मिटूनच फिरते, दुसरा इलाजच नाही, पण कुठे ठेचकाळत नाही.

विज्ञानाचे सर तेवढे राहिले होते. त्यांची फाईल सगळ्यात शेवटी आली, व्हॉट्सॲपवर, सोबत दोन हात जोडलेले. उघडली. बाई म्हणाली, "हेडिंग लेव्हल वन. एम. कोट. डॉट. केआरके."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हा दुसरा रोग. आपल्याकडे मराठी टायपिंगचे जुने फॉन्ट आहेत. त्यात तुम्ही "उष्णता" टाईप केलं तर तुम्हाला पडद्यावर उष्णता दिसते. पण आत, फायलीच्या पोटात, इंग्रजी अक्षरं असतात, एम, अवतरणचिन्ह, टिंब, के, आर, के. फॉन्ट त्यांना वरून मराठीचा मुखवटा चढवतो. तुम्ही मुखवटा पाहता आणि म्हणता, किती सुंदर. मला मुखवटा दिसत नाही. मला पोटातलंच ऐकू येते. "कविता" मला "डीफोर्क" अशी ऐकू येते. पहिल्यांदा ऐकली तेव्हा वाटलं लॅपटॉप बिघडला.

युनिकोड, म्हणजे पोटातही मराठीच ठेवणारी पद्धत, येऊन किती काळ झाला! मोबाईलवर हेच सर दिवसभर मराठीत मेसेज करतात, ते मला सगळे नीट वाचता येतात. पण शाळेचं काम म्हटलं की जुना फॉन्ट. त्याला बदलून घ्यायचं साधन माझ्याकडे आहे, नुसत्या मराठी मजकुराची फाईल मी तशी बदलून घेतली असती. पण विज्ञानाच्या फायलीत सूत्रं असतात, खरी इंग्रजी अक्षरं असतात. बदलायला गेलं की ती सूत्रंही मराठी होऊन बसतात, काहीच्या काही. मी फोन केला.

"सर, तुमचा भाग युनिकोडमध्ये द्या ना. मला वाचता येत नाही."

"अवो मॅडम, दिसाले तर बराबर दिसून राह्यलं ना."

"मला दिसत नाही सर."

"नाई म्हंजे, कोनाले तरी वाचून घ्या घरी. लहान-मोठं कोनी असंन ना."

"सूत्रं कोण वाचेल? आणि तपासायचं मला आहे."

"तपासाले काय हाय त्यात? मी तर लिवलं. तुमी फक्त जोडून द्या."

फक्त जोडून द्या! मी पुन्हा फोन केला, तर सर शेगावला दर्शनाला निघाले होते. दुसऱ्या दिवशी केला, तर जावयाकडे होते. मग मी टायपिंगच्या दुकानात गेले, युनिकोडमध्ये टाईप करून मिळेल का विचारायला. दुकानवाले भाऊ चांगले आहेत, त्यांचे अब्बा आधी टाईपरायटर चालवायचे, मला ते बाजी म्हणतात, म्हणजे ताई. म्हणाले, "बाजी, मले तर तोच फॉन्ट येते. बोटाले त्याचीच आदत हाय. पन छापून एकदम मस्त येईन, तुमी टेन्शन नका घेऊ." सगळे मला टेन्शन नका घेऊ म्हणतात. टेन्शन देतात तेच, आणि वरून घेऊ नका म्हणतात!

त्या संध्याकाळी बाबा वांग्याचे कॅरेट भरत होते आणि मी बाजेवर बसून विचार करत होते. सरांचा भाग मी वाचू शकत नाही, तपासू शकत नाही. तसाच चिकटवला तर त्याच्या निळ्या स्टाईली माझ्या सगळ्या पुस्तिकेत घुसतील. आणि मग सुट्टीनंतर सगळे म्हणतील, वा, किती छान, पण मॅडमनं काय केलं, फक्त जोडलं. मी दात-ओठ खाल्ले. मग मी सरांचा भाग निवडला आणि बाकीच्यांना जे केलं तेच त्यालाही केलं. कंट्रोल आणि स्पेस. कंट्रोल, शिफ्ट आणि एन. एक अक्षर बदललं नाही, एक टिंब हलवलं नाही. फक्त मुखवटा काढला. काय होईल ते मला चांगलं माहीत होतं. व्हायचंच होतं ते मला. पेनड्राईव्ह दुकानात नेऊन दिला आणि भाऊंना सांगितलं, "जसं आहे तसं छापा. काही दुरुस्त करायचं नाही, माझी शपथ आहे."

सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी स्टाफरूममध्ये बैठक. लाडू-चिवड्याचे डबे उघडलेले, सगळे खुशीत. दुकानवाले भाऊ छापील प्रत घेऊन आले. इतिहास पाहिला, छान. गणित पाहिलं, छान. पानं उलटल्याचा आवाज मी ऐकत होते. मग आवाज थांबला.

"हे काय हाय?" मुख्याध्यापक म्हणाले.

विज्ञानाचे सर उठून आले, खुर्ची सरकली. "अरे बापरे! माझं वाटोळं केलं मॅडमनं! एवढी मेहनत केली होती मी!"

"बाजी, खुदा कसम, मी हात नाई लावला," दारातून भाऊ म्हणाले. "तुमीच शपथ घातली होती."

पानच्या पानं इंग्रजी अक्षरांचा कचरा. कोणी तरी हळूच हसलं. नवीन मॅडम माझ्या शेजारीच बसल्या होत्या, त्या हसल्या नाहीत, एवढं मी सांगते. मुख्याध्यापकांनी सुस्कारा टाकला, त्यांचा तो काळजीचा सुस्कारा.

"मॅडम, हेच मी म्हनत होतो. तुमची काय चूक? होत नाई ते होत नाई. दहावी आपन नवीन मॅडमकडे..."

"सर," मी म्हटलं, "एक मिनिट. मी त्यात काही बिघडवलं नाही. सरांनी जे टाईप केलं तेच आहे. अक्षर न् अक्षर. तुमच्यासाठी वरून मराठीचं कापड घातलेलं होतं, ते तेवढं मी काढलं."

"म्हंजे?"

"म्हणजे हे तुम्हाला आज पहिल्यांदा दिसून राह्यलं. मला नोकरीला लागल्यापासून असंच ऐकू येते. थांबा, ऐकवते."

लॅपटॉप पिशवीतून काढला. कानातलं बोंड काढून टाकलं आणि स्पीकर चालू केला, पूर्ण मोठा. सरांची मूळ फाईल उघडली, त्यांनी पाठवलेली, सजवलेली, जशीच्या तशी. बाई बोलायला लागली. "हेडिंग लेव्हल वन. एम. कोट. डॉट. केआरके. हेडिंग लेव्हल वन. ब्लँक. हेडिंग लेव्हल वन. ब्लँक. टेबल विथ वन रो..."

आधी सगळे हसले. मोठ्यानं हसले. मीही थांबले, हसून घ्या म्हटलं. मग हसू कमी झालं. मग कोणी हसेना. बाई चालूच. तिला दम लागत नाही, तिला लाज नाही, तिला सुट्टी नाही. चिवड्याच्या डब्याचं झाकण कोणी तरी लावलं.

"हे काय आहे?" नवीन मॅडमनी विचारलं.

"उष्णता," मी म्हटलं. "दहावी, विज्ञान. पोरांना समजावून सांगायचा धडा. हे मी घरी कोणाकडून वाचून घ्यायचं होतं म्हणे."

बाई बोलत होती. बाहेर कोणत्या तरी वर्गात पोरं ओरडत होती आणि त्यांचं ओरडणं तिच्यापेक्षा बरं वाटत होतं.

"बंद करा वो मॅडम ते," मुख्याध्यापक म्हणाले. "डोकं उठलं माझं."

"अजून अर्धं पान पण झालं नाही सर."

"मी देतो पुन्हा टाईप करून," विज्ञानाचे सर एकदम म्हणाले. "युनिकोडमध्ये देतो. मोबाईलवर बसून करतो पाहिजे तर. पन बंद करा."

मी बंद केलं नाही. मुख्याध्यापक उठले, बसले, पुन्हा उठले. "बरं बाप्पा, बरं! दहावी तुमच्याकडंच ठेवा. कोनी काढून नाई घेत. आता तरी करा बंद!"

ऐकलं मी. इतकी वर्षं शिकवलं, माझी पोरं पास झाली, चांगली पास झाली, बाहेरगावी शिकायला गेली. त्यातलं काही उपयोगी पडलं नाही. सुट्टीभर कान फोडून साफ केलेली इतिहासाची, गणिताची, भूगोलाची पानं समोर पडली होती, त्यांच्याकडे कोणी वळून पाहिलं नाही. माझा वर्ग मला परत मिळाला तो यांचे कान दुखले म्हणून. अर्धं पान सहन झालं नाही म्हणून.

वर्ग मी घेतला. का नाही घेणार? माझाच होता. मग लॅपटॉप टेबलाच्या मधोमध सरकवला आणि म्हटलं, "बसा सर. धडा संपू द्या."